पाण्यावरचा तवंग जातो कुठे?

गणपती होऊन गेले की आमच्या खाडीकाठच्या गावात डासांचे दिवस सुरू होतात. काही वर्षांपूर्वीची, त्याच दिवसांतील ही हकीकत आहे. शहात्तर वर्षांच्या एक आजी माझ्या जुन्या रुग्ण. उभे आयुष्य चुलीच्या धुरात गेल्यामुळे त्यांची फुफ्फुसे कायमची दुबळी झालेली. ज्याला आपण सीओपीडी म्हणतो, तो हा विकार. औषधे वेळेवर, पंप घेण्याची पद्धत अचूक, सून जागरूक. त्यामुळे वर्षभर त्यांची प्रकृती बरी होती. आणि अचानक सलग तीन रात्री त्यांना दम लागला. मी छाती तपासली, जंतुसंसर्ग असावा असे धरून औषध लिहून दिले. चौथ्या दिवशी सून म्हणाली, "डॉक्टर, आईंच्या खोलीत गेले की माझेच डोके धरते. डिझेलचा वास नुसता कोंडलेला असतो. आई मात्र म्हणतात, मला कसलाच वास येत नाही."

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. आदल्या महिन्यात नातवाला डेंगी झाला होता. धास्तावलेल्या मुलाने घरामागच्या खड्ड्यात साचलेल्या पाण्यावर होडीच्या इंजिनाचे जळके ऑइल डिझेलने पातळ करून ओतायला सुरुवात केली होती, तेही दर दोन दिवसांनी. आजींची खिडकी त्या खड्ड्यापासून जेमतेम पाचसहा हातांवर. "पुन्हा पुन्हा का टाकता?" असे मी विचारले, तेव्हा तो सहज म्हणाला, "तवंग उडून जातो ना, डॉक्टर."

उडून जातो, हे त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते. उडून कुठे जातो, हा प्रश्न त्याने विचारला नव्हता. आणि खरे सांगायचे तर पहिल्या तीन दिवसांत मीही विचारला नव्हता. वाचकहो, आजचा लेख त्याच प्रश्नाविषयी आहे.

तर्री आणि तवंग

तेल पाण्यावर तरंगते, हे आपल्याला स्वयंपाकघराने शिकवले आहे. मिसळीवरची तर्री रश्श्यात मिसळत नाही, वर पसरून राहते. तेल पाण्याहून हलके असते आणि त्याचे कण पाण्याच्या कणांशी एकरूप होत नाहीत. बेंजामिन फ्रँकलिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात लंडनजवळच्या क्लॅपहॅमच्या तळ्यावर चमचाभर तेल ओतून पाहिले आणि ते पसरत पसरत सुमारे अर्धा एकर पाणी शांत करते, असे १७७४ मध्ये प्रसिद्ध केले. अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे. आणि तेल केवळ एक चमचा.

खाद्यतेल आणि खनिज तेल यांत मात्र एक मोठा फरक आहे. खाद्यतेल पाण्यावर पसरते आणि तिथेच राहते. साध्या तापमानाला त्याची वाफ जवळजवळ होत नाही. पेट्रोल, डिझेल, रॉकेल आणि कच्चे तेल हे सारे हायड्रोकार्बन, म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांच्या लहानमोठ्या साखळ्यांचे मिश्रण. त्यांतील लहान साखळ्या चंचल असतात. त्या हवेत निसटायला टपलेल्या असतात. मोठ्या साखळ्या जड आणि सुस्त. त्या मागे राहतात.

आता पाण्याची भूमिका पाहा. बाटलीतल्या डिझेलला हवेशी संपर्क केवळ बाटलीच्या तोंडाएवढा. तेच डिझेल पाण्यावर ओतले की ते पातळ होत होत पसरते. पाण्यावर इंद्रधनुष्याचे रंग दिसतात, तेव्हा तेलाच्या थराची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास असते. त्या जाडीने एक लिटर तेल पसरले तर सुमारे दहा गुंठे जागा व्यापते. बाटलीच्या तोंडाएवढा पृष्ठभाग दहा गुंठ्यांचा झाला, की बाष्पीभवन किती झपाट्याने होईल याची कल्पना आपण करू शकतो. ऊन आणि वारा त्यात भर घालतात. ओले कपडे बादलीत पिळून ठेवले तर वाळत नाहीत, दोरीवर पसरले की वाळतात, नियम तोच.

म्हणून पाण्यावर सांडलेले पेट्रोल काही तासांत बहुतांशी हवेत जाते. डिझेलला वेळ अधिक लागतो. कच्च्या तेलाचे त्याच्या जातीवर अवलंबून असते. हलक्या जातीचे कच्चे तेल पहिल्या काही दिवसांतच आपल्या आकारमानाचा ७५ टक्क्यांपर्यंत भाग गमावू शकते, मध्यम जातीचे ४० टक्क्यांपर्यंत. तर जहाजांत जाळले जाणारे जड इंधन तेल फार तर १० टक्के. पाणी स्वच्छ दिसू लागले, तरी तेल नाहीसे झालेले नसते. त्यातील बराच भाग आपण श्वासावाटे घेतो त्या हवेत गेलेला असतो.

हवेत गेल्यावर काय होते?

सर्वांत आधी उडतात ते बेंझीन, टोल्युइन, झायलीन यांसारखे हलके घटक. पेट्रोलपंपावर जो गोडसर, उग्र वास येतो, त्यात यांचा वाटा मोठा. यांतील बेंझीन माणसात कर्करोगाला, विशेषतः रक्ताच्या कर्करोगाला, कारणीभूत ठरते हे निश्चित झालेले आहे. आपल्या देशाने २००९ मध्ये हवेच्या गुणवत्तेची जी राष्ट्रीय मानके ठरवली, त्या बारा घटकांत बेंझीनचा समावेश आहे. त्याची वार्षिक सरासरी एका घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी, असा नियम आहे. या वाफा हवेपेक्षा जड असतात. वारा पडलेला असेल तर त्या वर जाण्याऐवजी जमिनीलगत, खड्ड्यात, तळघरात आणि खालच्या खोलीत साचून राहतात.

दुसरी गोष्ट वासापलीकडची आहे. जे घटक थोडे जड आहेत, ते सावकाश, काही तासांपासून काही दिवसांपर्यंत उडत राहतात. हवेत गेल्यावर सूर्यप्रकाशात त्यांची ऑक्सिजनशी प्रक्रिया होते. त्यातून बनणारे पदार्थ पुन्हा वायुरूपात राहू शकत नाहीत. ते एकत्र येऊन अतिसूक्ष्म कण बनतात. वर्तमानपत्रांत आपण ज्यांच्याविषयी वाचतो ते पीएम २.५ कण ते हेच. धूळ आणि धुराप्रमाणेच तेलाच्या वाफेपासूनही ते हवेत तयार होतात. वाहनांच्या धुरातील नायट्रोजनचे ऑक्साइड आणि या वाफा उन्हात एकत्र आल्या, की जमिनीलगत ओझोनही तयार होतो. उंच आकाशातील ओझोन आपले रक्षण करतो. जमिनीलगतचा ओझोन श्वासनलिकांची जळजळ करतो.

मेक्सिकोच्या आखाताने शिकवलेला धडा

हे सारे प्रयोगशाळेतील गणित नाही, हे एका मोठ्या दुर्घटनेने दाखवून दिले. २० एप्रिल २०१० रोजी अमेरिकेच्या दक्षिणेस मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' या तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या फलाटावर स्फोट झाला. अकरा कामगार मृत्युमुखी पडले. सुमारे दीड किलोमीटर खोल समुद्रतळातून तेल ८७ दिवस उसळत राहिले. अमेरिकी सरकारच्या तज्ज्ञांनी एकूण तेलाचा अंदाज सुमारे ४९ लाख बॅरल इतका केला.

त्या जून महिन्यात अमेरिकेच्या सागर व वातावरण विभागाचे संशोधन विमान तवंगावरून उडवण्यात आले. शास्त्रज्ञांना हवेत दोन वेगवेगळे पट्टे आढळले. एक अरुंद पट्टा अतिशय हलक्या वाफांचा होता. तेल जिथे पृष्ठभागावर येत होते, त्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेने तो निघालेला. वर आल्यानंतर काही तासांतच हे घटक उडून जात असल्यामुळे तो पट्टा अरुंद राहिला होता. दुसरा पट्टा खूप रुंद होता आणि तो सूक्ष्म कणांचा होता. कारण थोडे जड घटक उडण्याआधी तवंगाबरोबर दूरवर पसरले होते आणि मग त्या विस्तीर्ण पाण्यावरून हवेत गेले होते. तेलाची वाफ हवेत जाऊन तिचेच कण होतात, हे इतक्या स्पष्टपणे उघड्या वातावरणात दिसणे ही मोठी गोष्ट होती. कारण शहरात वाहने, कारखाने आणि चुली यांची सरमिसळ असते, तिथे कोणता कण कुठून आला हे सांगणे अवघड जाते.

तिथे आणखी एक उपाय केला गेला. तरंगते तेल समुद्रावरच गोळा करून पेटवण्यात आले, तेही ४११ वेळा. त्यामुळे बरेच तेल किनाऱ्यावर येण्यापासून वाचले. मात्र काळा धूर आणि काजळी हवेत गेली. पाण्यावरचे तेल हटवण्याच्या प्रत्येक मार्गाची काही ना काही किंमत हवा मोजते.

आपला किनारा

आपल्याकडेही अशी घटना घडली आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या दोन जहाजांची टक्कर झाली. चित्रा कलंडले, त्यावरील कंटेनर समुद्रात पडले आणि सुमारे ८०० टन इंधन तेल सांडले. हे तेल जड जातीचे होते. त्याचा थोडाच भाग उडाला. बाकीचे मुंबई आणि रायगडच्या किनाऱ्यावर, खारफुटीच्या मुळांवर चिकटून बसले. मासेमारी थांबली.

जड तेलाची वाफ कमी म्हणून ते निरुपद्रवी, असे समजू नये. नोव्हेंबर २००२ मध्ये स्पेनच्या गॅलिसिया किनाऱ्याजवळ 'प्रेस्टीज' हे तेलवाहू जहाज बुडाले. त्यातील तेलही असेच जड होते. किनारा साफ करायला हजारो मच्छीमार उतरले. एकदोन वर्षांनंतर सुमारे ६,८०० मच्छीमारांची पाहणी केली, तेव्हा सफाईत भाग घेतलेल्यांमध्ये खोकला, कफ, दम आणि छातीत घरघर या तक्रारी अधिक आढळल्या. ज्यांनी अधिक दिवस, अधिक तास काम केले, त्यांच्यात त्या आणखी जास्त होत्या. दिलासा एवढाच की काळ लोटला तशा या तक्रारी कमी होत गेल्या. ही माणसे तेलात हात घालून काम करणारी होती, किनाऱ्यावर फेरफटका मारणारी नव्हती, हेही लक्षात ठेवावे. घाबरून जाण्याचे कारण नाही.

मोठे अपघात क्वचित होतात. रोजचे तवंग मात्र आपल्या आजूबाजूला असतात. मासेमारी बंदरात होड्यांखाली चमकणारे डिझेल, पहिल्या पावसात रस्त्यावरून वाहणारे इंद्रधनुषी पाणी, गॅरेजसमोरचे गटार आणि आजींच्या खिडकीखालचा तो खड्डा. प्रत्येकाचे प्रमाण लहान, पण अंतर अगदी कमी. दुबळ्या फुफ्फुसाला समुद्रातल्या दूरच्या तवंगापेक्षा उशापाशी असलेला तवंग अधिक जाचतो.

छातीतील पाण्याचा थर

आपल्या फुफ्फुसांत कोट्यवधी सूक्ष्म वायुकोश असतात. ते सारे उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे एखाद्या मध्यम आकाराच्या सदनिकेएवढी. हा संपूर्ण पृष्ठभाग ओलसर असतो. त्यावर द्रवाचा अत्यंत पातळ थर असतो आणि वायुकोश मिटून जाऊ नयेत म्हणून त्या थरात एक साबणासारखा स्निग्ध पदार्थ असतो. तेलाची वाफ या थरापर्यंत पोहोचली की तिचा काही भाग रक्तात उतरतो. त्यातून डोकेदुखी, चक्कर, मळमळ, गुंगी येऊ शकते. श्वासनलिकांचे अस्तर चुरचुरते आणि दमा किंवा सीओपीडी असलेल्या माणसाच्या नलिका आकसतात. सूक्ष्म कणांचा परिणाम फुफ्फुसांपुरता राहत नाही. हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोकाही त्यांच्यामुळे वाढतो.

तेलाच्या पसरण्याच्या याच गुणामुळे आणखी एक अपघात घडतो. घरात सरबताच्या बाटलीत ठेवलेले रॉकेल किंवा डिझेल नातवंडाने, कधी दृष्टी अधू झालेल्या आजोबांनी पाणी समजून प्यायले, तर घरचे लोक घाबरून मीठपाणी पाजून उलटी करवतात. तसे मुळीच करू नये. उलटी होताना तेलाचा थोडासा अंश जरी श्वासनलिकेत गेला, तरी तो पाण्यावर पसरावा तसा फुफ्फुसाच्या ओल्या थरावर पसरतो, तो स्निग्ध पदार्थ निकामी करतो आणि गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. काहीही न पाजता रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

वृद्धांच्या नाकावर विसंबू नका

आजींना वास येत नव्हता, याला मी विशेष महत्त्व देतो. वय वाढते तशी घ्राणशक्ती मंदावते. शिवाय कोणताही वास सतत येत राहिला, की नाक त्याला सरावते आणि काही मिनिटांत तो जाणवेनासा होतो; हे तरुणांच्याही बाबतीत घडते. त्यामुळे खोलीत सतत पडून असलेल्या व्यक्तीने 'वास नाही' असे सांगितले, तर त्यावरून हवा शुद्ध आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. बाहेरून नुकत्याच आत आलेल्या माणसाचे पहिल्या मिनिटातले नाक हे अधिक विश्वासाचे. जे घरच्या वृद्धांची सेवा करतात, त्यांना माझी विनंती आहे की दिवसातून एकदा तरी बाहेरून आल्यावर त्यांच्या खोलीत जाऊन मुद्दाम एक श्वास घ्यावा. आणि वास नसला तरी निर्धास्त होऊ नये. बेंझीनचा वास जाणवू लागतो, तोपर्यंत त्याचे प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या बरेच वर गेलेले असते.

दुसरे कारण असे की वृद्ध माणसे खोली सोडत नाहीत. आपण त्या हवेत दहा मिनिटे असतो, त्या वीस तास. आणि दम लागला तर 'वयच झाले' म्हणून त्या तक्रारही करत नाहीत.

घरी काय करावे?

साचलेल्या पाण्यावर तेल ओतण्याची रीत आपल्याकडे कुठून आली, हे समजून घेतले म्हणजे त्या मुलाला दोष द्यावासा वाटत नाही. डासाची अळी पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन श्वास घेते. वर तेलाचा पापुद्रा असला की ती गुदमरते. विसाव्या शतकाच्या आरंभी पनामा कालव्याच्या कामावर डॉ. विल्यम गॉर्गस यांनी हिवताप आणि पीतज्वर आटोक्यात आणले, त्यात डबक्यांवर तेल टाकण्याचाही वाटा होता. पण तो उपाय प्रशिक्षित माणसांकरवी, मोठ्या मोहिमेचा भाग म्हणून होत होता. आपल्या खिडकीखाली, दर दोन दिवसांनी, जळके ऑइल ओतणे ही वेगळी गोष्ट आहे. जळक्या ऑइलमध्ये जड धातू आणि कर्करोगकारक घटकही असतात. ते गटारातून विहिरीच्या पाण्यापर्यंत जाऊ शकतात.

त्याऐवजी हे करावे. खड्डा बुजवता येत असेल तर बुजवावा, गटार वाहते करावे. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा. त्या दिवशी पिंप, टाक्या, कूलर, कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या करून घासून पुसाव्यात. बुजवता न येणाऱ्या साठ्यात गप्पी मासे सोडावेत. ते आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे किंवा नगरपालिकेच्या हिवताप विभागाकडे विचारावेत. आणि वृद्धांच्या पलंगाला मच्छरदाणी लावावी. हा सर्वांत जुना आणि फुफ्फुसांना मुळीच न दुखावणारा उपाय आहे.

तवंगाचा वास घरात येतच असेल, तर आधी त्याचे ठिकाण शोधावे. ते घराबाहेर असेल तर त्या बाजूची खिडकी लावून विरुद्ध बाजूची उघडावी, आणि रुग्णाला त्या बाजूच्या खोलीत हलवावे. ते घरात असेल तर सारी दारेखिडक्या उघडाव्यात. उदबत्ती, कापूर, सुगंधी फवारा यांनी वास झाकू नये. त्याने हवेत आणखी भर पडते, आणि वाफ दाट असेल तर ज्योतीने भडका उडू शकतो. घरात ऑक्सिजनचे यंत्र किंवा सिलिंडर चालू असेल तर ही काळजी दुपटीने घ्यावी.

कापडी मुखपट्टी या वाफा अडवत नाही. एन-९५ मास्क कण अडवतो, वाफ अडवत नाही. हवा शुद्ध करणाऱ्या घरगुती यंत्राचेही बहुधा तसेच. वाफेसाठी सक्रिय कोळशाची वेगळी जाळी लागते आणि तीही भरून निकामी होते. तेव्हा मास्क लावून त्या जागी बसण्यापेक्षा तिथून दूर होणे हाच खरा उपचार.

पुराचे पाणी घरात शिरते, तेव्हाही हे लक्षात ठेवावे. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाडने जो पूर पाहिला, तसल्या पुरात बुडालेल्या वाहनांतील व गॅरेजमधील इंधन पाण्यावर तरंगत घराघरांत येऊ शकते. पाणी ओसरल्यावर घराला इंधनाचा वास असेल तर वृद्धांना लगेच परत आणू नये. आधी घर उघडे ठेवावे, भिजलेल्या गाद्या, सतरंज्या बाहेर काढाव्यात, भिंती साबणाच्या पाण्याने धुवाव्यात. वास पूर्ण जाईपर्यंत आत काडी ओढू नये, विजेची बटणे चालू करू नयेत.

किनाऱ्यावर फिरायला जाणाऱ्यांसाठी

एप्रिल-मेपासून पावसाळा संपेपर्यंत गोवा, कोकण आणि मुंबईच्या किनाऱ्यांवर काळे, चिकट डांबरगोळे येतात. समुद्रात सांडलेल्या तेलाचे हलके घटक उडून गेल्यावर जे मागे उरते, ते लाटांनी घुसळून हे गोळे बनतात आणि नैर्ऋत्येकडून येणारे वारे ते आपल्याकडे ढकलतात. डांबरगोळा पाहिला की समजावे, याचा बाकीचा भाग वाटेत हवेत गेला.

अशा दिवसांत अनवाणी चालू नये. मधुमेहींनी तर मुळीच नाही. पायाला डांबर लागले तर आपण सवयीने रॉकेल किंवा पेट्रोल घेतो. ते टाळावे, वृद्धांच्या पातळ त्वचेला त्याने इजा होते आणि त्याची वाफ पुन्हा छातीत जाते. खोबरेल किंवा कुठलेही खाद्यतेल चोळावे, डांबर सुटते. मग साबणाने धुवावे. मासळीला रॉकेलसारखा वास येत असेल तर ती धुऊन, शिजवून खाण्याचा प्रयत्न करू नये, टाकून द्यावी.

किनाऱ्याजवळ ताजे तेल सांडल्याची बातमी आली, तर वाऱ्याचा विचार करावा. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहतात आणि तवंगावरची वाफ वस्तीकडे आणतात. रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. म्हणून अशा वेळी दुपारी व संध्याकाळी समुद्राकडच्या खिडक्या बंद ठेवाव्यात आणि फिरणे काही दिवस गावाच्या आतल्या बाजूला करावे. उत्साहाच्या भरात बादल्या घेऊन सफाईला जाणे दमा, हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी कटाक्षाने टाळावे. ते काम योग्य साधने असलेल्या यंत्रणेचे आहे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

वासानंतर डोके दुखणे, डोळे चुरचुरणे, मळमळणे या तक्रारी मोकळ्या हवेत तासाभरात ओसरल्या तर काळजीचे कारण नाही. दमा किंवा सीओपीडी असलेल्यांनी आपला पंप डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्यावा. तरीही दम कमी झाला नाही, एक वाक्य सलग बोलता येईना, ओठ निळसर दिसू लागले, छातीत दुखू लागले, माणूस गुंगीत गेला किंवा बोटावरच्या यंत्रातील ऑक्सिजनचा आकडा डॉक्टरांनी तुमच्यासाठी ठरवून दिलेल्या पातळीच्या खाली गेला, तर वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आणि डॉक्टरांना भेटाल, तेव्हा घराजवळ तेल, डिझेल, रंग, गॅरेज यांपैकी काही आहे का, हे आपण होऊन सांगावे. आम्ही विचारायला हवे, हे खरे. घाईत ते आमच्याकडून राहून जाते, हेही तितकेच खरे.

त्या तीन रात्रींना केवळ ते डिझेलच कारणीभूत होते, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. ऋतू पालटत होता, आजींची फुफ्फुसे मुळातच थकलेली होती. पण मुलाने त्याच संध्याकाळी खड्ड्यातील पाणी उपसून माती भरली आणि आजींचा पलंग दोन दिवस पुढच्या पडवीत हलवला. तिसऱ्या रात्री त्यांना झोप लागली. पुढच्या भेटीत मुलगा जरा ओशाळून म्हणाला, "डॉक्टर, पोराला वाचवायला गेलो आणि आईला त्रास दिला." मी त्याला सांगितले, की काळजीपोटी झालेली चूक होती, आणि ती माझ्याही नजरेतून सुटली होती. आता त्यांच्या अंगणातील पाण्याच्या टाकीत गप्पी मासे आहेत, आणि त्यांना दाणे टाकण्याचे काम नातवाने आजीकडे सोपवले आहे.